टोपलीवाली बोलते

तिकिटं मेहुणीने काढली होती, पण घाई टर्नरला होती. खेळ दुपारचा, आणि हा माणूस सकाळीच दाढी करून, इस्त्रीचा शर्ट चढवून खुर्चीच्या काठावर बसलेला. जन्म लेथच्या यंत्रावर गेला त्याचा. लोखंड कापता कापता उजवा कान बहिरा झाला, म्हणून त्याने बजावून ठेवलं होतं की जागा उजव्या भिंतीला हवी, चांगला कान हॉलकडे.

"दाजी, स्वतःच्या लग्नातसुद्धा एवढे नटला नव्हतात," मेहुणी म्हणाली. "बघतेय कोण तुम्हाला तिथे अंधारात?"

"मी बघायला नाही चाललो. ऐकायला चाललोय."

ही थट्टा नव्हती. बायको जाऊन वर्ष होत आलं होतं आणि तिचा आवाज त्याला आठवेनासा झाला होता. शब्द सगळे आठवायचे, टोमणेही आठवायचे, पण डोक्यात ते यायचे त्याच्याच घोगऱ्या आवाजात. मेलेली बायको आपल्याच आवाजात आपल्याला 'पाय पुसून या' म्हणते, हे ऐकून माणूस वेडा होणार नाही तर काय होईल? भिंतीवर तिचे फोटो होते. आवाजाचा फोटो काढायचं कुणाला सुचलं नव्हतं. फोनमध्ये काही असेल तर तो फोनही बादलीत पडून तिच्याआधीच मेला.

दोघी बहिणी सिनेमात गर्दीचं काम करायच्या. बाजारातली गर्दी, दंग्यातली गर्दी, पुढाऱ्याच्या मागची गर्दी. नट तोंड धुऊन येईपर्यंत उन्हात उभं राहायचं, तो आला की जीव तोडून पळायचं. त्या कामाला दोन नियम. कॅमेऱ्यात बघायचं नाही, बघितलं की हाकललं. आणि बोलायचं नाही, नुसते ओठ हलवायचे. आता दिवसभर माणूस काय हलवणार? म्हणून ज्याची त्याची बडबड ठरलेली. कुणी पाढे म्हणायचं, कुणी भाज्यांची नावं घ्यायचं. मेहुणी मनातल्या मनात सासूला शिव्या घालायची आणि म्हणायची, माझ्याइतका जिवंत अभिनय कुणाचाच नसतो. बायको काय बडबडायची, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. विचारलं की म्हणायची, "असतं आपलं घरातलंच."

या शेवटच्या सिनेमाचं काम करून ती घरी आली तेव्हा चेहरा असा फुललेला, की टर्नरला वाटलं, हिला काहीतरी सापडलं रस्त्यात. "अहो, मी बोलले आज! तोंडासमोर कॅमेरा लावला आणि म्हणाले, बोल. बोलले मी. भरपूर बोलले."

"काय बोललीस?"

"थेटरात ऐका."

मग ताप आला, डोक्यात गेला आणि ती गेली.

हॉलमध्ये दिवे मालवले. पडद्यावर काळंपांढरं शहर उमटलं. कुठलासा पूल कोसळलाय, माणसं धावताहेत, आणि आवाज नाही. टर्नर कानात बोट घालून बघू लागला. बाईने छाती बडवली, आवाज नाही. घोडा उधळला, आवाज नाही. बाजासुद्धा नाही. मग काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं आली: 'त्या दिवशी शहराची वाचा बसली.'

"अगं, यांचा भोंगा बिघडलाय. सांग त्यांना जाऊन."

मेहुणीने पुढच्या रांगेतल्या माणसाला हळूच विचारलं आणि परत वळली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. "दाजी, हा सिनेमाच मुका आहे. मुद्दाम तसा काढलाय म्हणे."

"तू होतीस ना तिथे? तुला माहीत नव्हतं?"

"आम्हाला कोण सांगतं हो? आम्हाला नाव तरी असतं का? 'ए टोपली, पुढे सरक. ए काठी, मर तिकडे.' ताईच्या हातात टोपली होती, तर ती दिवसभर टोपली. पाच माणसं बोलताना दिसली, मला वाटलं बोलपट आहे."

टर्नर भडकला. जगात बोलायला लागले की ज्यांचं ऐकून घेतलं जातं, त्यांनाच मुकं राहण्याची हौस सुचते. त्यांचं मौन म्हणजे कला, आणि जिला आयुष्यभर कुणी तोंड उघडू दिलं नाही, तिला उघड म्हणाले तेही मुक्या सिनेमात. मुकेपणाची हौस होती तर हिच्या दारात यायचं कशाला? पुढच्या रांगेत कुणीतरी "वा!" म्हणालं. लेथवरचा हातोडा बरोबर असता तर त्याने काय केलं असतं, देव जाणे.

"चला, उठू या," मेहुणी म्हणाली.

"बस खाली. तिचं तोंड तरी बघू दे."

हॉलमध्ये इतकं शांत होतं की पंख्यांची घरघर ऐकू येत होती. पडद्यावर इस्पितळाच्या फाटकाबाहेर गर्दी जमली होती, आपापली माणसं शोधणारी. गर्दी बाजूला झाली आणि टोपली दिसली. मग ती. चेहरा मोठा होत गेला, होत गेला, सगळा पडदा व्यापून राहिला. कपाळावरचा कांजण्यांचा व्रण टर्नरच्या तळहाताएवढा. आणि तिने डोळे उचलले. थेट कॅमेऱ्यात. अख्ख्या जन्मात जो नियम तिने मोडला नव्हता, तो मोडून ती त्याच्याकडे बघत होती.

ओठ हलू लागले.

पाटी आली: 'माझा माणूस अजून आत आहे.' तेवढंच. पण पाटी गेल्यावरही ती बोलतच होती. बोलता बोलता तिने मूठ हलवली, अंगठा आणि बोट जुळवून, किल्ली फिरवावी तशी.

टर्नर पुढे झुकला. ही तर तिची दारातली बडबड! पहाटे ती कामावर निघताना, एक चप्पल पायात, एक हातात, रोज तीच, त्याच क्रमाने. म्हणजे तिने इतकी वर्षं गर्दीत उभं राहून हेच म्हटलं होतं. दंग्यात हेच, बाजारात हेच. त्याचे ओठ आपोआप तिच्या ओठांबरोबर हलायला लागले, जराही मागेपुढे नाही.

"दूध उतू घालवू नका. किल्ली शेजारी द्या. खिडकी लावा, मांजर येतं..."

आवाज फुटला. बारीक, किंचित चिरका, शेवटच्या अक्षरावर वर चढणारा. तो त्याचा नव्हता.

मेहुणीने त्याचं मनगट गच्च धरलं. ताईचा आवाज तिने ओळखला होता.

पुढचा माणूस त्रासून वळला आणि मेहुणीला म्हणाला, "अहो बाई, गप्प बसा ना जरा!"

मेहुणीने तोंडावर पदर धरलेला होता. तिने कुठे तोंड उघडलं होतं?

"...भात झाकून ठेवलाय, जेवून घ्या..."

आता एकच वाक्य उरलं होतं. रोज ते म्हणून ती दार ओढून घ्यायची. टर्नरला ते पाठ होतं आणि ते येताना त्याला दिसत होतं, उतारावरून गाडी येताना दिसावी तसं. घशात ते येऊन उभं राहिलं, तिच्या आवाजात, बाहेर पडायला धडपडत. त्याने दात आवळले. पडद्यावर तिचे ओठ हलले: माझी वाट बघू नका. हॉलमध्ये ते कुणीही ऐकलं नाही. तिने मान वळवली आणि गर्दी तिच्यावर मिटली.

दिवे लागले. लोक टाळ्या वाजवून, जांभया देत बाहेर गेले. मेहुणी त्याच्या तोंडाकडे बघत होती, जरा दूर सरून, आता यातून कुणाचा आवाज येतो म्हणून.

"दाजी? चला ना. घरी चला. काहीतरी बोला हो."

त्याने तोंड उघडलं नाही. आत ती होती. उघडलं असतं तर ते वाक्य म्हणून ती निघून गेली असती. त्याने खिशातून नोटा काढून मेहुणीच्या हातात ठेवल्या, दाराबाहेरच्या पुढच्या खेळाच्या फलकाकडे बोट केलं आणि आपल्या खुर्चीत पुन्हा नीट बसला.