मोपाच्या सड्यावर दहा जण

गोव्यातल्या यहुदी मंडळींची घरं ती किती! वास्कोपासून म्हापशापर्यंत धरून सात. पण रिबकाकाकी येत्या कार्यक्रमांची यादी दर महिन्याला व्हॉट्सअ‍ॅपवर अशा थाटात टाकायची, की वाचणाऱ्याला वाटावं, निम्मी डिचोली यहुदीच आहे. शब्बाथचं, म्हणजे पवित्र शनिवारचं, जेवण जेकबभाऊंकडे वास्कोला, झाडांच्या सणाची फळं म्हापशाला, कोणी काय आणायचं तेही खाली लिहिलेलं. या महिन्याच्या यादीत शेवटची ओळ होती : 'सोमवारी दुपारी साडेचार वाजता डिचोलीला शिमशोन झिराडकर यांच्या वर्षाच्या दिवसाचं कद्दिश आणि मलिदा. पुरुषांनी नक्की यावं. नक्की म्हणजे नक्की.'

एवढं बजावायचं कारण होतं. कद्दिश ही गेलेल्या माणसाच्या नावाने म्हणायची प्रार्थना. तिला दहा यहुदी पुरुष लागतात, नऊ आले तर नऊ जणांनी सरबत पिऊन घरी जायचं. सात घरांतून खेचूनताणून नऊच निघाले. दहावा काकीने हरमलच्या किनाऱ्यावरून मिळवला. अवनेर त्याचं नाव, हैफाचा पन्नाशीतला इस्रायली इलेक्ट्रिशियन. हिवाळाभर समुद्रात डुंबून तो नेमका सोमवारीच परत निघाला होता. मोपाच्या विमानतळावरून रात्री साडेआठचं विमान होतं. "पावणेसहापर्यंत मी तुमचा," असं त्याने इंग्रजीत कबूल केलं होतं.

काकीला मूलबाळ नव्हतं. शिमशोनकाका चाळीस वर्षं सुर्ल्याच्या खाणीवर वजनकाट्याशी बसले, तिने घर सांभाळलं, आणि दोघांना दोघंच पुरेशी झाली. ते गेल्यावर मात्र तिला एक काळजी लागून राहिली. मी आहे तोवर यांचा दिवस होईल, माझ्यामागे कोण आठवणार? त्याला इलाज नव्हता. निदान हे पहिलं वर्ष तरी यथासांग व्हावं, एवढा एकच हट्ट तिने धरला होता.

सोमवारी पाचच्या आत दहाच्या दहा जण हजर झाले. ताटात गूळखोबऱ्याचे गोड पोहे, वर वेलची नि बेदाणे, भोवती पाच फळं, असा मलिदा सजला. शेजारची भाग्यलक्ष्मी सकाळपासून नारळ खवायला आली होती. पाहुण्यांना मनुकांचं सरबत देता देता तिला भरून आलं.

"काका गेले ती तिन्हीसांज अजून डोळ्यांसमोर आसा, काकी. मी तुळशीकडे दिवो लावून वळतंय, तोच हॉस्पिटलातून तुमचो फोन. आत्ताच गेले म्हणून."

ताटात गुलाब ठेवणारा काकीचा हात थांबला. "दिवा लावून झाला होता? नक्की?"

"म्हणजे काय! काळोख पडलेलो."

यहुद्यांचा दिवस सूर्य मावळला की बदलतो. शुक्रवारी संध्याकाळ झाली की त्यांचा शनिवार लागतो. साठ वर्षं काकीने त्याच हिशेबाने शब्बाथचे दिवे लावले होते, आणि नवऱ्याची तिथी काढताना मात्र ती चुकली होती. हॉस्पिटलच्या कागदावरची तारीख तिने घेतली, वेळ पाहिलीच नाही. त्या दिवशी सकाळपासून ती बिनखिडकीच्या बोळात बाकावर बसून होती. बाहेर ऊन आहे की चांदणं, हे विचारायचं भान कोणाला होतं? काका मावळतीनंतर गेले, म्हणजे त्यांची तिथी पुढची. ती आता लागलेलीच नव्हती, संध्याकाळी लागायची होती.

गप्प बसता आलं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. माणसं जमलेली, ताट तयार, कोणाला काय कळणार होतं? पण ज्या माणसाने चाळीस वर्षांत काट्यावर एका ट्रकचंही वजन खोटं सांगितलं नाही, त्याच्या नावाने खोट्या दिवशी प्रार्थना म्हणवून घ्यायची तिला लाज वाटली.

"जेकबभाऊ," ती म्हणाली, "माझं चुकलं. त्यांचा दिवस अजून लागलाच नाही."

जेकबभाऊ मुरगाव बंदरातून निवृत्त झालेले, नियमाचे पक्के. त्यांनी चष्मा लावला, सगळं ऐकून घेतलं, कॅलेंडर दोनदा पाहिलं. "खरं आहे. आकाशात तीन तारे दिसायला हवेत. म्हणजे पावणेसात तरी होतील."

सगळ्यांनी अवनेरकडे पाहिलं. त्याला इंग्रजीतून समजावलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. तारे बघून डिचोलीतून निघालं, तर मोपाला पोहोचेपर्यंत विमानाचं चेक-इन बंद झालेलं असणार. आणि परवा त्याच्या मुलीचं लग्न होतं.

"मग तुम्ही निघाच," काकी लगेच म्हणाली. "लग्नाला बाप हवा." एवढं ती नीट बोलली, स्वयंपाकघरात गेली, आणि ओट्याला धरून रडली. वर्षभर जपलेली गोष्ट तिच्याच हातून निसटली होती.

"माज्याच जिभेक हाड नाय," म्हणत भाग्यलक्ष्मी स्वतःच्या थोबाडीत मारून घेऊ लागली. तिचा नवरा सुदेश अंगणात आपली बारा सीटची टुरिस्ट गाडी पुसत होता. त्याने आत डोकावून काय झालं ते विचारलं, आणि फडकं खांद्यावर टाकलं.

"रडतास कित्याक? माणूस घराकडे थांबना, तर घर माणसाकडे न्हेवया. तारे मोपाक बघूया. बसा सगळी गाडयेत!"

जेकबभाऊ कुरकुरले. "रस्त्यात उभं राहून कद्दिश?" मग स्वतःच थोडा विचार करून म्हणाले, "शास्त्रात दहा पुरुष सांगितलेत. छप्पर सांगितलेलं नाही."

दहा पुरुष, भाग्यलक्ष्मी आणि मांडीवर ताट घेतलेली काकी अशी भरून गाडी निघाली. कोलवाळच्या पुलावर वाहनं तुंबली होती. तिथे सुदेशने जे काही केलं, ते वाहतूक पोलिसाने पाहिलं नाही हे बरंच झालं. विमानतळाच्या थोडं अलीकडे, सड्यावर, म्हणजे उघड्या कातळमाळावर, काजूच्या झाडाशी त्याने गाडी उभी केली. सूर्य नुकताच बुडाला होता.

सगळे खाली उतरून माना वर करून उभे राहिले. पहिला तारा दिसला. मग दुसरा.

"तो बघा तिसरा!" जेकबभाऊ ओरडले. पण तिसरा हलायला लागला, लुकलुकला, आणि सरळ धावपट्टीवर जाऊन उतरला. सगळे खो खो हसले. काकीही हसली, आणि वर्षभरात आपण हसलोच नव्हतो हे तिच्या ध्यानात आलं. अवनेरने एकदाही घड्याळ पाहिलं नाही.

मग खरा तिसरा दिसला. पुरुष पश्चिमेकडे, यरुशलेमच्या दिशेला तोंड करून उभे राहिले. जेकबभाऊंनी कद्दिश म्हटलं. दर थांब्याला बाकीच्यांनी मोकळ्या माळावर 'आमेन' म्हटलं, आणि त्यांत अवनेरचा आवाज सगळ्यांत मोठा होता. काकीने डोळे मिटून घेतले होते. दिवस बरोबर होता, माणसं पुरी होती. तिला शांत वाटलं.

सुदेशने गाडी सुरूच ठेवली होती. काकीने मुठीएवढा मलिदा कागदात बांधून अवनेरच्या हातात दिला. तो गाडीकडे धावला, आणि अर्ध्यातूनच परत आला.

"त्यांचं नाव काय होतं?" त्याने विचारलं. "मी विचारलंच नाही."

"शिमशोन," काकी म्हणाली. "शिमशोन बेन दाऊद. दाऊदचा मुलगा शिमशोन."

त्याने ते फोनमध्ये लिहिलं. मग जेकबभाऊंकडून इब्री, म्हणजे यहुदी पंचांगातली, तारीख विचारून घेतली, तीही लिहिली, आणि बरोबर आहे ना म्हणून फोन काकीसमोर धरला.

"हैफाला दहा माणसं जमवायला मला पाच मिनिटं लागतात," तो म्हणाला. "या तारखेला मी जमवेन."

काकीने विचारलं, "पुढल्या वर्षी?"

"दर वर्षी," अवनेर म्हणाला, आणि गाडीत चढला.