आईच्या हातातली मेणबत्ती

सकाळची जपमाळ पुरी झाल्याशिवाय होनोरा किफ चुलीला काडी लावत नसे. धाकटी बहीण डेलिया रोज चिडायची. "अगं, हडसन नदी गोठलीय बाहेर, आणि तू गुडघ्यांवर! देवाची आई काय म्हणेल, आधी घोटभर चहा पी म्हणेल." होनोरा शेवटचा मणी ओठांना लावून मगच उठायची. दोघी विधवा, एका खोलीत राहायच्या. शाली डोक्यावरून आवळून घ्यायच्या आणि बर्फ तुडवत हारबेकच्या लाँड्रीची वाट धरायच्या. हडसनकाठच्या ट्रॉय गावातल्या निम्म्या आयरिश बायका त्याच वाटेला असायच्या. मुलखातल्या साऱ्या कारकुनांच्या आणि शेटजींच्या गळ्यातल्या, सदऱ्याला वरून अडकवायच्या सुट्या कॉलरी याच गावात शिवल्या जात, आणि याच बायकांच्या हातांनी कडक होत.

डेलिया खालच्या खळीच्या खोलीत. कढत खळ बोटांनी कॉलरीत चोळून मुरवायची, हे तिचं काम. नखांच्या कडा कायम सोललेल्या. होनोरा वरच्या माडीवर, इस्त्रीला. भट्टीवरची इस्त्री उचलायची, गालाजवळ नेऊन तिची धग पाहायची, मेणाच्या फडक्यावर एकदा फिरवायची आणि मग कॉलरीवर टेकवायची. मेण नसेल तर इस्त्री अडते.

नाताळ उरकला तसं हारबेकसाहेबाने खळ घालायचं मशीन आणून बसवलं. ते चाललं तर खालच्या खोलीतल्या साऱ्या बायका घरी जाणार, हे कुणी सांगायला नको होतं. पण ते चालेना. त्यातून निघालेली कॉलर दिसायला गुळगुळीत, पण इस्त्री टेकली की चिकटायची. ओढली की पापुद्रा निघायचा, थांबली की पिवळा डाग पडायचा. माडीवर सगळ्यांच्या टोपल्या खराब कॉलरींनी भरायला लागल्या, आणि बायका आतून खूश झाल्या.

"चिकट, माझे बाई, चिकट," होनोराच्या शेजारी बसणारी जोहाना रायर्डन इस्त्रीशी बोलायची. "ते भूत पेटीत घालून परत पाठवेपर्यंत अशीच चिकट."

फक्त होनोराच्या कॉलरी स्वच्छ निघत होत्या.

त्याचं कारण तिच्या एप्रनच्या खिशात होतं. गेल्या हिवाळ्यात आई गेली तेव्हा रीतीप्रमाणे देवळातली मंतरलेली मेणबत्ती पेटवून तिच्या हातात दिली होती. श्वास थांबला, मेणबत्ती विझवली, बोटभर तुकडा उरला. असला तुकडा टाकता येत नाही. होनोरा तो फ्लॅनेलच्या चिंधीत गुंडाळून जवळ बाळगायची. एके दिवशी कंपनीने दिलेलं पांढरं मेण संपलं. नवं मागायला मुकादमिणीपुढे उभं राहायचं तिच्या जिवावर आलं. तिने चिंधीवर इस्त्री फिरवली, आणि मशीनची ती चिकट कॉलर पाण्यावरून होडी जावी तशी हाताखालून सरकली. दर कॉलरीला ती जपमाळेतली एक नमो मारिया म्हणायची. आईच माझा हात धरते आहे, असं तिला वाटलं. आणि असलं बोलून दाखवायचं नसतं, म्हणून तिने कुणाला सांगितलं नाही.

पण टोपली लपत नाही. मुकादमीण विनी मलक्वीन एकेकाळी याच बाकावर बसायची. आता तिच्या कमरेला किल्ल्या आल्या होत्या. तिने होनोराची कॉलर उजेडात धरली आणि मोठ्याने म्हणाली, "बघा गं, बघा. मिसेस किफना जमतं. तुमच्या हातांना काय मुंग्या आल्यात?"

विनी पाठमोरी होताच जोहानाने आपलं स्टूल हातभर लांब ओढलं.

"देव असावा तर असा," ती समोरच्या भिंतीला म्हणाली. "मालकाच्या बाजूचा."

"जोहाना, मी काही केलं नाही गं."

"नाही ना. मग खालच्या बायकांना तेच सांग. तुझ्या बहिणीला सांग."

दुपारी पाणी प्यायला गेली तर डोणीजवळच्या बायका वाट सोडून बाजूला झाल्या. आदराने नव्हे. जिन्यावर कुणीतरी तिच्या शालीवर खळीचं बोट पुसलं.

गुरुवारी विनीने निरोप आणला. उद्या साहेब स्वतः माडीवर येणार. मिसेस किफनी त्याच्यासमोर मशीनची कॉलर करून दाखवायची. झाली तर मशीन राहील, आणि खालची खोली शनिवारी बंद.

त्या संध्याकाळी डेलियाने बटाट्यांचं पातेलं टेबलावर आपटलं.

"नोरा, उद्या एक कॉलर जाळ."

"मुद्दाम?"

"मुद्दाम नाही तर काय चुकून? इस्त्री दोन क्षण जास्त ठेव. बास."

"हातातलं काम जाणूनबुजून नासायचं, हे पाप आहे डेलिया."

"आणि मला रस्त्यावर काढणं पुण्य? कसं करतेस गं तू? सगळ्यांच्या चिकटतात, तुझीच कशी नाही?"

होनोराने चिंधी काढून टेबलावर ठेवली आणि सोडली. डेलियाने तुकडा ओळखला.

"ही आईच्या हातात होती," ती म्हणाली. "ही तिच्या हातात असताना ती गेली. आणि तू ती पुरुषांच्या कॉलरींना चोपडतेस?"

"तीच मदत करते आहे, असं मला वाटलं."

"आई? हारबेकला मदत करायला आई वरून आली? जिवंतपणी तिने जमीनदाराच्या माणसाला कधी दारात उभं केलं नाही, आणि मेल्यावर मालकाची इस्त्री ओढायला आली?"

होनोरा रडली. डेलियाने तिच्याकडे पाहिलं नाही. एवढंच म्हणाली, "उद्या ती घरी राहू दे. कंपनीच्या मेणाने कर. पापही नाही, काही नाही. शपथ घे."

होनोराने शपथ घेतली, आणि तुकडा आईच्या तसबिरीमागे ठेवला.

शुक्रवार होता. आईच्या नावाने ती दर शुक्रवारी कोरा चहा आणि पावाच्या सुक्या तुकड्यावर राहायची. भट्टीच्या झळांनी डोकं हलकं झालं होतं. हारबेकसाहेब आला, टोपी न काढता बाकाशी उभा राहिला. खालच्या बायका जिन्यात दाटल्या होत्या; सगळ्यांत पुढे डेलिया. होनोराने इस्त्री कंपनीच्या मेणावर फिरवली आणि कॉलरीवर टेकवली. ती चिकटली. जपून सोडवली तरी पापुद्रा निघालाच. दुसरी घेतली, तिला डाग पडला. तिसरीचंही तेच.

जिन्यात कुणीतरी हसलं. जोहानाने स्टूल पुन्हा जवळ सरकवलं.

"काल स्वच्छ होत्या, साहेब," विनी पुढे आली. "मी स्वतः पाहिल्या. बाई मुद्दाम करतेय. सगळ्यांनी मिळून शिकवलंय तिला."

साहेबाने आवाज चढवला नाही. "मिसेस किफ, तुम्ही देवभीरू बाई आहात असं ऐकतो. देवाला स्मरून सांगा. काल केलंत तेच आज केलंत?"

डेलियाने जिन्यातून नको म्हणून मान हलवली. होनोराला ती दिसली. पण तिला वाटलं, खरं सांगितल्यानेच तर या वाचतील. मशीन चाललं नव्हतंच. चालला होता तो आईचा आशीर्वाद, आणि तो कंपनीजवळ कुठून येणार?

"नाही साहेब," ती म्हणाली. "काल माझ्याजवळ आईची मेणबत्ती होती. देवळातली, मंतरलेली. ती मरताना तिच्या हातात होती. तिचं मेण मी इस्त्रीला लावत होते. ते होतं म्हणून झालं. नाहीतर तुमच्या मशीनची कॉलर कुणाच्याच हातून व्हायची नाही. देवाची शपथ."

साहेब हसला नाही. तिला उलट बरं वाटलं. चेष्टा केली नाही याने. तो विनीकडे वळला.

"तुमच्या देवळातल्या मेणबत्त्या कशाच्या असतात?"

विनीला क्षणभर कळलंच नाही. मग तिचा चेहरा उजळला. "मधमाशीच्या मेणाच्या, साहेब. देवापुढे दुसरं चालत नाही."

"आणि आपण यांना काय देतो?"

"पॅराफिनचं मेण, साहेब. स्वस्त पडतं."

"उद्यापासून मधमाशीचं आणा." त्याने हातमोजे चढवले. "मिसेस किफ, आभारी आहे."

तो जिना उतरला तेव्हा खालच्या बायकांनी त्याला वाट दिली. मग सगळ्या वर पाहायला लागल्या. साहेबाकडे नाही, विनीकडेही नाही. होनोराच्या हातात अजून इस्त्री होती, आणि ती खाली ठेवायचं तिला सुचत नव्हतं.

"देवाची शपथ घातली त्याने," ती म्हणाली.

"आणि माझ्यापुढे घेतलीस ती शपथ कशासाठी होती?" डेलियाने विचारलं, आणि ती खाली निघून गेली.

शनिवारी खळीची खोली रिकामी झाली. डेलियाने आपली गादी गुंडाळली, आईची तसबीर उचलली आणि जोहानाकडे राहायला गेली. तसबिरीमागचा तुकडा तिने टेबलाच्या अगदी मधोमध ठेवला होता.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला मेणबत्त्यांचा सण आला. देऊळ चेपून भरलं होतं. डेलिया, जोहाना आणि खालच्या खोलीतल्या बायका उशिरा आल्या, आणि जागा होती ती होनोराच्याच बाकावर. तिच्या शेजारी कुणी बसलंच नव्हतं. डेलिया ओठ आवळून तिथे टेकली, बाकीच्या तिच्या पलीकडे.

फादरनी मेणबत्त्या मंतरल्या. वेदीवरची ज्योत बाकाबाकाने मागे यायला लागली. शेजाऱ्याने शेजाऱ्याची पेटवायची, अशी रीत. होनोराला ती पुढच्या रांगेतल्या एका अनोळखी म्हाताऱ्याने दिली. तिने आपली पेटवली आणि डेलियापुढे धरली.

डेलियाने आपली मेणबत्ती हलवली नाही.

"घे ना गं," होनोरा पुटपुटली. "आज तरी."

"तुझी तुझ्यापाशी राहू दे. सोमवारी इस्त्रीला लागेल."

पलीकडून जोहाना खोकल्यासारखं हसली. पुढच्या रांगा उजळल्या, मागच्या उजळल्या. फादरनी वळून पाहिलं: मधल्या बाकावर न पेटवलेल्या मेणबत्त्या हातात धरून बायका ताठ बसलेल्या, आणि टोकाला एकटी होनोरा हात पुढे करून. हात भरून आला तरी तिने तो मागे घेतला नाही. वितळलेलं मेण बोटांवर उतरलं. त्याला मधाचा वास होता. माडीवर आता दिवसभर हाच वास असायचा.