म्होरकी कशाच्या पाया पडली

रोज सकाळी मेंढपाळांचा अख्खा तळ त्या दगडापुढे हात जोडून उभा. आमची म्होरकी मेंढी, जिच्या मागे सगळा कळप चालतो, ती यायची, पुढचे गुडघे टेकायची आणि दगडाला तोंड लावायची. तो दगड मांडून बसलेला, कुठूनसा आलेला दगडबाबा डोळे मिटून म्हणायचा, "देव सांगतोय, थांबा. वर डोंगरात यंदा काळ बसलाय."

आमच्यात रिवाजच तो. म्होरकीने पाऊल उचलल्याशिवाय तळ हलत नाही. ती दगड सोडीना, म्हणून आम्ही ठोंब्यासारखे बसून राहिलो. इथलं गवत मुळापर्यंत खरवडलं गेलं. मुळंच गेली तर पुढच्या वर्षी परत येऊन काय माती चारायची? बाबाला मात्र घरटी दूध पोचत होतं आणि माझी कोकरं उपाशी मरत होती. दोन गेली. तिसरं मांडीवर धापा टाकत होतं.

"अहो, निघूया," मी नवऱ्याला म्हटलं.

"देवापेक्षा तुला जास्त कळतं का?"

"मला गवत कळतं."

तेवढ्यात एक मेंढी त्याचा घामट सदरा चाटायला लागली. मागून दुसरी आली. माझी ट्यूब तेव्हा पेटली. बाबाने आल्या आल्या फर्मान काढलं होतं, नेम म्हणून मेंढ्यांचं मीठ बंद. मिठाला आसुसलेली मेंढी काय करते हे आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक, आणि आम्ही शहाणे हात जोडत होतो.

दुसऱ्या सकाळी मी सगळ्यांदेखत पुढे झाले आणि तो दगड चाटला.

"बाई, कोप होईल," बाबा किंचाळला.

"खारट आहे. सासूबाई, तुम्हीच बघा."

सासूबाईंनी बोट लावून चाखलं आणि थुंकल्या. "मीठ चोळलंय मेल्यानं."

"मग ती गुडघे का टेकते?" नवरा अजून अडूनच होता.

बाबाने दगड खोल खड्ड्यात बसवला होता. गुडघे टेकल्याशिवाय तोंडच पोचत नव्हतं. मी दगड उपटून फेकला, नवऱ्याची चप्पल मिठात घोळवली आणि त्याच खड्ड्यात ठेवली. म्होरकी आली, गुडघे टेकले आणि अगदी मनोभावे चप्पल चाटू लागली.

"घ्या," मी म्हटलं, "आता हिच्यापुढे हात जोडा."

बाबाने तोवर काढता पाय घेतला होता. आम्ही मेंढ्यांना मीठ दिलं आणि त्याच दिवशी तळ उठवला.

तिसरं कोकरू वाटेत गेलं. त्या लुच्च्याला मी मरेपर्यंत शिव्या घालीन, पण पायाखालचं गवत संपताना आम्हालाही दिसत होतंच की. उद्या कुणीतरी नवा दगड मांडेल. तेव्हा माझ्या माणसांनो, हात जोडायच्या आधी तो एकदा चाटून बघा.