मनालीला दोन खोल्या

जलील कुवेतहून कायमचा परत आला, त्याला महिना होत आला होता. मुलीची, लाइबाची बारावी झाली की तिघांनी मनालीला जायचं, असं त्याने फोनवर कितीदा तरी कबूल केलं होतं. आता तो शब्द पाळायला बसला होता. श्रीवर्धनच्या घराच्या ओटीवर सुपाऱ्या वाळत घातल्या होत्या. तिथंच कडेला बसून तो दिवसाचा खर्च मांडत होता. शेजारी त्याची बायको तैयबा बटाटे सोलत होती.

“जेवणाचे किती धरू?”

“तिघांचे बाराशे.”

“एवढे?”

“इथं साधं माशाचं ताट तीनशेला पडतं.”

त्याला इथले भाव ठाऊक नव्हते. पोरगी मासे खात नाही, हेसुद्धा त्याला परवाच कळलं होतं.

टॅक्सीचे दोन हजार, खोलीचे पंधराशे, वर चहापाणी. बर्फातल्या कोटांचं भाडं आणि लाइबाच्या पॅराग्लायडिंगचे तीन हजार त्याने वेगळे काढले.

“दिवसाला पाच हजार. झेपेल,” तो म्हणाला.

“दोन खोल्या घ्या.”

“लाइबाला वेगळी हवी?”

“लाइबा माझ्याबरोबर झोपेल. दुसरी तुम्हाला.”

जलीलचं पेन थांबलं. आपण काय बोलून बसलो ते तैयबाला कळलं, पण वाईट वाटलं नाही. बरंही वाटलं नाही. इतकी वर्षं तो दोन वर्षांतून एकदा यायचा, तेव्हा पाहुण्याचं करावं तसं ती सगळं निभावून न्यायची. परतीचं तिकीट काढलेलं असायचं. या वेळी तिकीट नव्हतं.

“तिकडे आम्ही एका खोलीत आठ जण झोपायचो,” जलील म्हणाला. मग त्याने पुन्हा बेरीज केली. “पंधराशे वाढतात. लाइबाचं उडणं रद्द करावं लागेल.”

“करा.”

“नको. टॅक्सी काढून टाकतो. बसने फिरू.”

तैयबाने मान हलवली आणि बटाटे पाण्यात टाकले.

मे महिन्यात ते गेले. बसने फिरले, दोन खोल्यांत राहिले. सोलंगला लाइबा डोंगरावरून तरंगत खाली आली, तेव्हा दोघांनी शेजारी उभं राहून हात हलवले.

“थंडी वाजतेय तुला?” जलीलने तैयबाला विचारलं.

“नाही.”

तरी त्याने गळ्यातला मफलर काढून पुढे केला. तिने तो घेतला आणि घडी घालून हातात धरून ठेवला.

घरी परतल्यावर जलीलने काही न विचारता आपलं अंथरूण बाहेरच्या खोलीत घातलं. डास फार होते. तैयबाने खिळे शोधून त्याला मच्छरदाणी बांधून दिली, एक कोपरा त्याने धरला, आणि ती लाइबाजवळ जाऊन आडवी झाली.