बोटभर ओल

मित्रांनो, मी एक जुना रंगाचा डबा आहे. आता माझ्यात रंगाचा थेंबही नाही, काठापर्यंत माती आहे. तरीही सगळे मला रंगाचा डबाच म्हणतात, कारण माझ्या अंगावरून ओघळलेला निळा रंग वाळून तिथेच बसला आहे. कितीही घासा, तो निघत नाही. घासून बघणारीही आता राहिली नाही म्हणा!

माझा जन्म कारखान्यातला. माझ्यासारखेच शेकडो पांढरे प्लास्टिकचे डबे एकावर एक रचलेले होते, तेव्हा एकटेपणा म्हणजे काय ते मला माहीत नव्हते. मग पोटात निळा रंग भरला, वरून झाकण ठोकून बसवले आणि अंधार झाला. तो अंधार एका रंगाऱ्याने पेचकसाने उचकटला. त्याचा चेहरा ही अंधारानंतर मी पाहिलेली पहिली वस्तू. भुवयांवर चुन्याचे ठिपके आणि डोळे भिंतीकडे.

निळा रंग एका शाळेच्या भिंतींवर संपला. त्यानंतर त्याने मला बरीच वर्षे राबवले. माझ्यात पिवळा कालवला, हिरवा कालवला, माझ्या काठावर ब्रश निथळवले. तो भिंतीवर दुसरा हात मारण्याआधी नेहमी तळवा टेकवून बघायचा, खालचा थर अजून ओला आहे का म्हणून. घाई करणारे मालक कुरकुरायचे. "पी हळद अन् हो गोरी, असं रंगात चालत नाही," असे तो त्यांना ऐकवायचा आणि निवांत बिडी ओढत बसायचा.

पुढे माझी कडी तुटली. त्याने मला घरी आणले ते कचऱ्यासाठी. पण त्याच्या बायकोने मला दारातच अडवले.

"हा मला द्या."

"तुला कशाला? घरात पाय ठेवायला जागा नाही."

"घरात नाही, दारापुढच्या गॅलरीत ठेवते. तिथे दुपारपर्यंत ऊन असतं."

तिने गॅसवर खिळा तापवून माझ्या बुडाला भोके पाडली. दुखले, खोटे कशाला बोलू? पण नंतर कळले की त्या भोकांवरच माझा सगळा संसार उभा होता. तिने कुठूनकुठून पिशवीतून माती आणली, त्यात भाज्यांची साले आणि चहाचा चोथा मिसळला आणि टोमॅटोचे बी पेरले. ते बी तिने माहेरून आणले होते. तिच्या आईने ते जपले होते, त्याआधी आईच्या आईने.

तिच्या दोन सवयी होत्या. पहिला टोमॅटो पिकला की तो ती कुणालाही खाऊ देत नसे. त्याचे बी वर्तमानपत्रावर वाळवून पुढच्या वर्षासाठी पुडीत बांधून ठेवायची. आणि पाणी घालण्याआधी दुसऱ्या पेरापर्यंत बोट मातीत खुपसून बघायची. बोट कोरडे निघाले तरच तांब्या उचलायची.

"मातीला विचारल्याशिवाय पाणी घालू नये," ती म्हणायची.

"यात नवं काय सांगतेस?" रंगारी हसायचा. "आम्ही जन्मभर भिंतीला विचारत आलोय."

त्या वर्षांत माझे काय कौतुक झाले! शेजारपाजारचे लोक गॅलरीत येऊन बघायचे. एवढ्याशा डब्यात एवढे टोमॅटो! मी अगदी फुगून गेलो होतो. पाहुणा आला की ती त्याला आधी मला दाखवायची आणि मग पाणी विचारायची.

मग ती आजारी पडली आणि गेली.

माणसे जमली, काही दिवस येत राहिली आणि पांगली. रंगारी आधीच अबोल होता, आता त्याच्या तोंडाला कुलूपच लागले. काम त्याने सोडले होते. दिवसभर दार लावून बसायचा. सकाळी तेवढा बाहेर यायचा, माझ्यात बोट घालायचा, पाणी घालायचा किंवा नाही घालायचा आणि आत जायचा. मी सबंध दिवस त्या एका बोटाची वाट बघायचो. टोमॅटो पिकले की वाटीत घालून शेजाऱ्यांच्या उंबऱ्यावर ठेवायचा आणि दार उघडायच्या आत माघारी फिरायचा. "अहो काका, थांबा की!" अशी हाक मागून यायची. काका थांबायचे नाहीत.

यंदा एक वाईट गोष्ट घडली. बियांची पुडी खिडकीपाशी राहिली आणि तिला ओल लागली. त्याने पुडीतले सगळे बी पेरले, पण एकच रोप उगवले. त्या घराण्याचे जगात उरलेले एकुलते एक रोप, आणि ते माझ्या पोटात! रंगारी दिवसातून चारदा बाहेर येऊ लागला. रोपाला फूल आले, फुलाचा टोमॅटो झाला, चांगला लिंबाएवढा, पण हिरवा. तो पिकेपर्यंत सांभाळला की वंश वाचला, एवढा साधा हिशोब होता.

नेमके तेव्हाच डॉक्टरांनी हर्नियाच्या ऑपरेशनची तारीख दिली. नंतर आराम करायला धाकट्या भावाकडे राहायचे होते. मला तिकडे नेणे शक्य नव्हते. भावाकडे उन्हाची तिरीपही येत नाही.

आता पाणी कोण घालणार? रंगाऱ्याने पुष्कळ विचार केला. मग समोरच्या खोलीतली नर्सबाई कामावरून येताना दिसली, तिला त्याने माझ्यापाशी थांबवले.

"जरा पाणी घालाल का याला? जमलं तर हं. नाही जमलं तरी चालेल."

"घालीन की काका. त्यात काय!"

तो आत गेला, पण त्याच्या मनाची खात्री पटेना. बाईला दिवसपाळी, रात्रपाळी, कुठे आठवणार? म्हणून त्याने वरच्या मजल्यावरच्या मास्तरांना गाठले. "जमलं तर," असे त्यांनाही म्हणाला. तेही हो म्हणाले. पण मास्तर विसरभोळे, एका पायात एक चप्पल आणि दुसऱ्या पायात दुसरीच घालून शाळेत जाणारे. मग जिन्याखालच्या दुकानातल्या इस्त्रीवाल्या मावशी कपडे द्यायला वर आल्या, त्यांनाही त्याने तेच सांगितले. तिघांपैकी एकाला तरी आठवेल, असे त्याला वाटले. दुसऱ्यालाही सांगितले आहे, हे तो कुणालाच बोलला नाही. बोट घालून बघायचे, हेही सांगितले नाही. आधीच उपकार मागायचे आणि वर अटी घालायच्या, हे त्याला जड गेले असावे.

मित्रांनो, तिघांनाही आठवले.

सकाळी नर्सबाई मगभर पाणी ओतायची. दुपारी शाळेतून येताना मास्तर आपली बाटली माझ्यात रिकामी करायचे. संध्याकाळी मावशी कपड्यांवर शिंपडायच्या पाण्यातले उरलेले आणून घालायच्या. तीन तिघाडा, काम बिघाडा! बुडाची भोके मुळांनी आणि जुन्या रंगाच्या पापुद्र्यांनी बुजली होती. पाणी जायला वाट नव्हती. माझ्या पोटात नुसता चिखल झाला आणि त्यात रोपाची मुळे गुदमरू लागली. मला ते कळत होते. मला तोंड असते तर मी साऱ्या इमारतीला ऐकू जाईल असा ओरडलो असतो.

पाने पिवळी पडली. पान पिवळे दिसले की माणसाला वाटते, तहान लागली. नर्सबाईने दुसरा मग आणला. मास्तरांनी मोठी बाटली घेतली. दिवसातून तीन माणसे माझ्यापाशी येत होती आणि तरी आयुष्यात कधी नव्हतो इतका मी एकटा होतो. कुणी हात लावून बघत नव्हते. पाणी ओतायचे आणि निघायचे.

एके दिवशी रोप आडवे झाले. हिरवा टोमॅटो देठासकट गळून पडला. संध्याकाळी मावशींनी तो उचलला, पदराला पुसला आणि घेऊन गेल्या.

रंगारी परतला तेव्हा वाळून अर्धा झाला होता. कठडा धरत धरत माझ्यापाशी आला आणि खाली बसला. मेलेल्या रोपाला त्याने हात लावला नाही. आधी मातीत बोट घातले. बोटाभोवती पाणी वर आले.

त्याला बघून नर्सबाई धावत बाहेर आली. "काका, मी एक दिवस चुकवला नाही हो! रोज सकाळी घालत होते."

मास्तर जिन्यावरच थबकले. "सकाळी? अहो, दुपारी मी घालत होतो."

"मग संध्याकाळी मी कशाला मरायला जिने चढत होते?" कपड्यांचे गाठोडे घेऊन आलेल्या मावशी म्हणाल्या.

तिघे एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. मग मास्तर जरा रागानेच म्हणाले, "काका, तुम्ही आम्हाला सांगायचं तरी, की तिघांनाही सांगितलंय म्हणून!"

रंगाऱ्याने बोटाला लागलेला चिखल माझ्या काठाला पुसला.

"मला वाटलं," तो म्हणाला, "कुणालाच आठवणार नाही."

मावशी गाठोडे तिथेच टाकून खाली गेल्या आणि कागदात गुंडाळलेले काहीतरी घेऊन आल्या.

"हिरवाच पडला होता. टाकून देववेना. दुकानात ऊब असते म्हणून कपड्यांच्या फळीवर ठेवला."

कागदात टोमॅटो होता. सुरकुतलेला, एका बाजूने मऊ पडलेला, पण लाल. रंगाऱ्याने तो ओंजळीत घेतला आणि रडला. सगळ्यांदेखत रडला. बायको गेली तेव्हाही तो लोकांसमोर असा रडला नव्हता.

त्याने बी वाळवले. खिळा तापवून माझी भोके मोकळी केली, माती उन्हात पसरून परत भरली आणि बी पेरले. अर्धे बी मात्र तीन पुड्यांत बांधून तिघांच्या घरी दिले. या खेपेला पुडी उंबऱ्यावर ठेवून पळाला नाही. दार वाजवले, ते उघडेपर्यंत उभा राहिला आणि पाण्याआधी मातीत बोट घालून बघायचे, हेही सांगितले.

अजून काही उगवलेले नाही. फळ रोपावर न पिकता फळीवर पिकलेले, त्याच्या बियांत जीव आहे की नाही, हे मलाही सांगता येत नाही. मी नुसता मातीचा डबा होऊन बसलो आहे आणि दुपार मोठी लांबते. पण जाता-येता कुणीतरी माझ्यापाशी वाकते, बोट खुपसते आणि रंगाऱ्याच्या दाराकडे बघते. ते दार आता उघडे असते.

"काका, ओल आहे हो अजून."

"मग नका घालू."

एवढेच बोलणे होते. पूर्वी एवढेही नव्हते.

मित्रांनो, तुमच्या खिडकीत एखादा डबा, एखादी कुंडी असेल, तर पाणी घालण्याआधी तिच्या मातीत बोट घालून बघा. आणि कुणी तुम्हाला "जमलं तर बघा, नाही जमलं तरी चालेल" असे म्हणाले, तर नुसते हो म्हणून निघून जाऊ नका. घटकाभर थांबा, दोन शब्द विचारा. मला तोंड नाही म्हणून मी गप्प राहिलो. रंगाऱ्याला तोंड होते, तरी तो माझ्यासारखाच गप्प होता.