कबड्डीच्या मैदानावरचा भोंगा

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. तळेगावात प्रभाकररावांचं मंडप डेकोरेशनचं दुकान आहे. तिथे खुर्च्यांच्या थप्पीवर, तोंड भिंतीकडे करून मला ठेवलेलं असतं. माझ्यासारख्या बोलक्याला ही केवढी शिक्षा! शटर वर गेलं की वाटतं, आज कोणीतरी मलाच न्यायला आलं. आणि लोक ताडपत्री मागतात. माझा जीव नुसता वरखाली होत राहतो.

अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा गोल फिरवून मला घडवलं आणि वरून करडा रंग दिला. इथे आलो तेव्हा मी चकचकीत होतो. लग्नांत ओरडलो, जत्रेत हरवलेल्या पोरांची नावं घेतली. पण माझं मन रमलं ते कबड्डीत. दर जानेवारीला गावात सामने होतात आणि मला मैदानाकडेच्या कडुनिंबावर चढवतात. प्रभाकररावांचा मुलगा धीरज कॉलेजात गेला आणि त्याने माइक हातात घेतला. तो नुसते गुण सांगत नसे. "आदेशभाऊ निघाले चढाईले! पोरीवाल्यांनो, पाहून घ्या, गड्याचं लगन जमाचं हाय!" असं म्हणायचा आणि सगळं मैदान हसायचं. त्या काळात माझी शान काही और होती.

मग धीरज नोकरीसाठी जर्मनीला गेला. त्याची आई शोभाबाई दुकानात बसून फोनवर त्याच्याशी बोलते, तेही स्पीकर लावून, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं. तिथल्या बागेत तो रविवारी चार-सहा जणांना जमवून कबड्डी खेळतो. पहिल्यांदा शेजाऱ्यांना वाटलं, भांडण लागलं! डिसेंबर उजाडला की मात्र त्याला राहवत नाही. "मैदानात पानी मारलं का? यंदा कोनकोनते संघ येऊन राह्यले?" असं तो पुन्हा पुन्हा विचारतो. उत्तर मिळालं तरी फोन ठेवत नाही.

यंदा सामन्यांचा कारभार पाहणारे कैलासभाऊ दुकानात आले आणि म्हणाले, आता डीजेचे डबे लावू, कॉमेंट्रीला बाहेरचा पोरगा बोलावू. म्हणजे माझी कायमची सुट्टी! नेमका तेव्हाच धीरजचा फोन चालू होता.

"कैलासभाऊ, मले करू द्या नं कॉमेंट्री. फोनवरून करतो. अन् भोंगा आपलाच लावजा."

"तिकून जमते का बे?"

"पाह्यजा तं खरं."

"एक म्याच करून पाहू. नाई जमलं तं त्या पोराले बसवतो," कैलासभाऊ म्हणाले.

रविवारी दुपारी मी पुन्हा कडुनिंबावर चढलो. आपली पोरं विरुद्ध समुद्रपूर. धीरजच्या बहिणीने, आचलने, एक मोबाइल स्टुलावर असा ठेवला की त्याला मैदान दिसावं, आणि त्याचा आवाज वायरीने माझ्यापर्यंत आणला. तिकडे सकाळ होती. "राम राम तळेगाव!" तो म्हणाला आणि माझा पत्रा थरारला.

पण मित्रांनो, एक घोळ झाला. मैदानातलं चित्र त्याच्यापर्यंत जायला आणि त्याचं बोलणं परत यायला थोडा वेळ लागत होता. चढाईला गेलेल्या आदेशला समुद्रपूरवाल्यांनी पकडून पाडलं. तो उठून अंगावरची माती झटकत बाहेर चालला, तेव्हा मी ओरडलो, "आदेशभाऊ निघाले, आता दोघंतिघं खाऊनच येतीन!" लोक पोट धरून हसले. मग प्रत्येक चढाईला तेच. समुद्रपूरची पोरं वाकुल्या दाखवू लागली. मी तरी काय करणार? आलं ते ओरडणं एवढंच माझ्या हातात. शरमेने मला खाली उतरावंसं वाटलं. ते हसू धीरजलाही पोचलं असणार, कारण मध्यांतराआधीच तो गप्प झाला.

कैलासभाऊ आचलजवळ आले. "बस झालं, बाई. लोकं हसून राह्यले." आणि त्यांनी वायरीकडे हात नेला. सामना बघायला आलेली शोभाबाई उठून उभी राहिली.

तेवढ्यात मध्यांतर झालं आणि पंच बंडूजी शिट्टी गळ्यात टाकून आले. धीरजला कबड्डी त्यांनीच शिकवलेली. ते मोबाइलवर वाकले. "धीरज, कोन आउट झाला थे आमाले दिसते. तू नावं सांग. पोरं मैदानात यायच्या आंधी एकेकाचं नाव घेजो. मी शिट्टी मारत नाई तोवर."

थोडा वेळ मी रिकामाच होतो. मग आवाज आला, "आदेश! सचिन! रोशन!" पुढे तो अडखळला. "काकाजी, हा चार नंबरवाला कोन हाय?"

सगळं मैदान ओरडलं, "नानाजीचा नातू, गुंजन!"

"गुंजन? एवढा मोठा झाला? मले कोनी सांगतलं नाई," तो म्हणाला. या वेळी कोणी हसलं नाही. समुद्रपूरचा कप्तान पुढे झाला. "भाऊ, आमचेबी नावं घ्या नं." धीरजने विचारून विचारून त्यांचीही घेतली. मग शिट्टी झाली. सामना आपण हरलो, हे सांगितलं पाहिजे.

बक्षिसं वाटून झाली तरी वायर तशीच होती. शोभाबाई मोबाइलपाशी गेली आणि म्हणाली, "काही खाल्लं का रे, बाबू?" उत्तर लगेच आलं नाही. घरी निघालेले लोक जागीच थांबले. कैलासभाऊही थांबले. सगळं गाव माझ्या तोंडाकडे बघत होतं आणि माझ्याकडे अजून काहीच आलं नव्हतं.

मग आलं. "नाई, आई. आता खातो."

मित्रांनो, माझा रंग उडाला आहे, उद्या मला भंगारात घालाल तर माझी तक्रार नाही. पण लांब गेलेल्या आपल्या माणसाचं बोलणं यायला जरा वेळ लागतो. ते येईपर्यंत वायर काढू नका.