पुढच्या दातांतली फट

"काका, नव्या दातांत ही फट नको. फोटोत छान दिसाल," दातांची डॉक्टरीण म्हणाली.

"फोटो घाला चुलीत! फट हवीच," टेलरकाका गुरकावले.

पुढच्या दोन दातांमधल्या त्या फटीतून ते गल्लीच्या तोंडाशी शीळ घालायचे आणि घरी पोचेपर्यंत बायकोने दार उघडलेलं असायचं. दात पडले, शीळ गेली. साधी कवळी तोंडात ठरेना. शेवटी तिनेच हट्ट धरला, "अहो, हाडात स्क्रू बसवून पक्के करतात ना, ते दात घ्या. बेल वाजवणारा नवरा परका वाटतो मला."

स्क्रू बसले. हाडाने ते धरेपर्यंत काही महिने थांबायचं होतं. तेवढ्यात साध्या तापाचं निमित्त झालं आणि ती गेली.

आज त्या स्क्रूंवर दात चढले, फटीसकट. काका गल्लीत वळले आणि नकळत तोंडून शीळ निघाली, पूर्वीसारखीच खणखणीत. दोन-तीन शेजारणी खिडकीत आल्या.

दाराला कुलूप होतं. किल्ली काकांच्याच खिशात होती. तरी ते दार उघडायची वाट बघत उभे राहिले.